फ्लायव्हीलचे चौदा फेरे

कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत तेलकाकांना सव्वीस वर्षं झाली होती. हुद्दा परिचराचा, पण दिमाख असा की भौतिकशास्त्र जणू यांच्याच घरचं. नाव पोरांनी ठेवलेलं, हातातल्या तेलाच्या कुपीवरून. भिंतीवर बसवलेलं जड लोखंडी फ्लायव्हील त्यांचा जीव की प्राण. दोरीला टांगलेलं वजन खाली येताना चाक फिरवतं, दोरी सुटते, आणि मग चाक थांबेपर्यंतचे फेरे मोजून त्यावरून चाकाचं जडत्व काढायचं, असा तो प्रयोग. काकांच्या तेलावर ते साठाच्या आत कधी थांबलं नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक एका मुलीच्या वहीपाशी अडले. बाकी सगळ्यांचे फेरे साठ-बासष्ट, हिचे चौदा. शेवटचं उत्तर मात्र बरोबर.

"उत्तर आधी लिहिलंस आणि आकडे मागून जुळवलेस ना?"

"नाही सर. चाक चौदाव्या फेऱ्याला थांबलं."

"मग बाकीच्यांचं चाक वेगळं होतं का?" असं म्हणत त्यांनी शून्य मांडायला पेनाचं टोपण काढलं.

काका कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. सकाळी विभागप्रमुख बाईंकडे मुदतवाढीचा अर्ज द्यायच्या गडबडीत ते चाकाला तेल घालायचंच विसरले होते. बाई परीक्षकांच्या शेजारच्याच खुर्चीत होत्या आणि सही अजून व्हायची होती. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. हे मनात आलं याचीच काकांना लाज वाटली.

"सर, पोरगी खरं बोलतेय," ते म्हणाले. "आज तेल घालायचं मी विसरलो."

परीक्षकांनी त्यांनाच दोरी गुंडाळायला लावली. वजन सुटलं, सगळे मोजू लागले, चाक चौदावर थांबलं. साठ-बासष्टवाल्यांनी माना खाली घातल्या. त्यांचे आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलातून आले होते, हे ओळखायला परीक्षक लागत नव्हता.

"पण कोरड्या चाकाचं उत्तर बरोबर कसं आलं?" काकांनी मुलीला विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"वजनाची ऊर्जा नाहीशी होत नाही, काका. थोडी पडत्या वजनात राहते, थोडी चाकात जाते, उरलेली घर्षण खातं. फेरे कमी, म्हणजे दर फेऱ्याला घर्षण जास्त खातंय. तेवढं धरलं की झालं."

"म्हणजे माझ्या तेलावाचून काही अडत नाही?"

मुलगी गोरीमोरी झाली. "नाही अडत," ती हळूच म्हणाली.

तिला पूर्ण गुण मिळाले. बाईंनी काकांचा अर्ज सही न करताच परत दिला. "आता आराम करा, काका," एवढंच म्हणाल्या. काकांना वाईट वाटलं, चांगलं वर्षभर वाटत राहिलं. तोंड उघडल्याचं मात्र एक दिवसही वाटलं नाही.