तीन अक्षरं आणि कमूमावशीचे कान

मी जळत होतो. उगाच आडपडदा कशाला? सही म्हणून अंगठा उठवणारी आमच्या आश्रमशाळेतली स्वयंपाकीण कमूमावशी, आणि तिच्यावर जळणारा मी, बी.एस्सी. झालेला, कॉम्प्युटर शिकवणारा कमलेश सर!

कारण काय, तर विमानं. मोखाड्याच्या या डोंगरावरून मुंबईकडं उतरणारी विमानं दिवसभर जातात. मी खटपट करून विमानांचे संदेश पकडणारा एक छोटा रिसीव्हर मिळवला, शाळेच्या पत्र्यावर अँटेना बांधली आणि वर्गातल्या पडद्यावर नकाशा लावला. विमान आलं की नकाशावर ठिपका, ठिपक्याशेजारी कंपनीचं चिन्ह. पहिले चार दिवस पोरं तोंडात बोटं घालून बघत होती. मीही जरा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत वरून आवाज आला. कमूमावशी अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं कान दिला, हाताची सावली करून एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, "निळ्या पोटाचं हाय." पोरं आत धावली. पडद्यावर निळ्या कंपनीचं चिन्ह! पुढचं तिनं तांबडं सांगितलं, तेही बरोबर. झालं, त्या दिवसापासून पडदा राहिला बाजूला आणि सगळी शाळा तिच्या सुपाभोवती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं मला वाटायला लागलं.

हे तिला आलं कुठून? ती मूळ इथल्याच पोशेऱ्याची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर मुंबईला बांधकामावर गेली, आठ वर्षं विमानतळाच्या भिंतीला लागून पालात राहिली. लेक चैती तिथंच झाली. "कंच्या इमानानं पोर दचकून उठंल ते आधी कळाया पायजे ना, सर," ती मला एकदा म्हणाली. "आवाज वळखायचा आन् तिच्या कानावर हात ठेवायचा." पुढं नवरा गेला, ती चैतीला घेऊन गावी परतली आणि आमच्या शाळेत लागली. बावीस वर्षं दोनशे पोरांचा भात तिच्या हातचा. त्यात कधी खडा निघाला नाही, हेही लिहायला हवं.

आणि मग जव्हारहून आश्रमशाळांचे मोठे साहेब आले. माझी अँटेना बघायला आले हो! तेवढ्यात एक विमान आलं, मावशीनं कुणी पडद्याकडं बघायच्या आत रंग सांगितला, आणि साहेब असे खूश झाले की फोटो तिच्याबरोबर. मला म्हणाले, "छान, सुदर्शन सर." सुदर्शन आमच्या क्लार्कचं नाव. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच दुपारी मी ते केलं. विमान हवेत सतत आपलं नाव सांगत असतं. त्यातली पहिली तीन इंग्रजी अक्षरं कंपनीची, पुढचे आकडे फेरीचे. सॉफ्टवेअर फक्त ती तीन अक्षरं उचलतं, चित्रांच्या फोल्डरमध्ये त्याच तीन अक्षरांची फाइल शोधतं आणि लावून मोकळं होतं. आत कसलं चित्र आहे, हे त्याला कळत नाही. डब्यावर साखर लिहिलंय म्हणून चहात मीठ घालणाऱ्या नव्या नवरीसारखं. मी निळ्या फाइलला तात्पुरतं तिसरंच नाव दिलं, तांबडीला निळीचं दिलं, मग निळीला तांबडीचं. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "निळं." पोरं आत जाऊन बाहेर आली. आठवीतली वर्षा हसली, "मावशी, चुकलात! तांबडं आहे." मावशीनं पुन्हा वर पाहिलं. "नाय गं, निळंच हाय." पण पडद्यापुढं तिचं कोण ऐकणार? तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी विमान आलं तेव्हा तिनं मानच वर केली नाही. पोरं पुन्हा माझ्या पडद्यापुढं बसली. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

आठवड्यानं चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर वर्षा फळीवरच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मीठ. हळद. साखर. तूरडाळ. जमिनीवर आणखी दोघी तांदळाची ताटं घेऊन खडे शोधत होत्या.

"मावशी, तुम्हाला तर वाचता येत नाही," मी म्हणालो. "चिठ्ठ्या कशाला?"

"मला नाय. माझ्या जागी येईल तिला." ती चुलीकडं बघत बोलत होती. "मुख्याध्यापकांना सांगितलंय, महिनाअखेर सोडते. डोळं गेलं माझं, कानबी गेलं. मशीन कशाला खोटं बोलंल? उद्या भातात खडा ऱ्हायला, पोराचा दात पडला, तर?"

चहा तसाच ठेवून मी बाहेर आलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं कुणाला माझा संशयसुद्धा नव्हता. गुपचूप फाइली सरळ करून सुटता आलं असतं. पण मग ती पुन्हा वर बघणार कशी? तिनं तर बघणंच सोडलं होतं.

मी घंटा वाजवली. सगळ्या पोरांना वर्गात बसवलं, मावशीला हाताला धरून आणलं आणि पडद्यावर तो फोल्डर उघडला. दोन्ही चित्रं दाखवली, त्यांची नावं दाखवली. "मावशी चुकल्या नाहीत," मी म्हणालो, "ही अदलाबदल मी केली." आणि सगळ्यांसमोर फाइली परत जाग्यावर लावल्या. वर्षाची मान खाली गेली होती.

"का केलंत, सर?" मावशीनं विचारलं. रागानं नाही हो. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पोरं तुमच्याकडं धावत होती म्हणून."

तिनं पदराचं टोक पिळलं. "मंग मला सांगायचं ना," ती म्हणाली. "मी गप बसले असते."

तिनं नोकरी सोडली नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिनंच ओल्या फडक्यानं काढल्या. भात पुन्हा तीच निवडते. मधल्या सुट्टीत विमानाचा आवाज आला की पोरं आजही सुपाभोवती गोळा होतात आणि तिच्या तोंडाकडं बघतात. ती आधी माझ्याकडं बघते. मी मान डोलावली की मगच रंग सांगते.