बाईंच्या मुठीतली ऊब

बूचमामांना उघडं काही बघवत नसे. प्रयोगशाळेतली बाटली असो, शाईची दौत असो, नाहीतर कुणाचं तोंड, त्यांच्या खिशातून बूच निघालंच म्हणून समजा. ते शाळेत परिचर म्हणून लागले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी विज्ञानाची बाई म्हणून रुजू झाल्यापासून हे ते मला दिवसातून तीनदा ऐकवत.

त्यांचा लाडका प्रयोग एकच. एका थर्मासात मोड आलेले वाटाणे, दुसऱ्यात उकडलेले. दोन्हींत तापमापी, तोंडाला कापसाचा बोळा. दोन दिवसांनी मोडाच्या वाटाण्यांचा पारा चढलेला असतो, उकडलेल्यांचा असतो तिथेच. कारण जिवंत वाटाण्यांच्या पेशी अन्न मोडत असतात.

मामांचं स्पष्टीकरण ठरलेलं होतं. "साखर पेटवली तर एकदम भडका. पेशी तसं करत नाही. गच्चीवरून उडी मारायची सोडून जिन्यानं उतरते. पायरीपायरीला थोडी ऊर्जा बांधून घेते, पुढच्या कामाला. हातून निसटते ती ऊब."

पण थर्मास जुने झाले होते आणि गेली दोन वर्षं पारा हलला नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगून टाकलं की यंदा तपासनीस साहेबांसमोर प्रयोग फसला तर पुढे फिल्म दाखवायची आणि मामांना फाटकावर बसवायचं. मामा वरवर हसले. डबा मात्र त्या दिवशी तसाच घरी नेला.

"दोष कापसाचा," दुसऱ्या दिवशी त्यांनी निदान केलं. "सगळी ऊब तिथूनच पळते."

मग त्यांनी स्वभावाला शोभेल तेच केलं. दोन्ही थर्मासांना तापमापीपुरतं भोक पाडलेली रबरी बुचं ठोकली आणि वर मेणाचा जाड थर दिला. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. शेजारी उभी राहून बघत होते, वर "छान" म्हणाले.

तपासणीच्या सकाळी मोडाच्या वाटाण्यांचा पारा पंचवीसवर होता, उकडलेल्यांपेक्षा जेमतेम एक अंश वर. मामांचा चेहरा पार उतरला होता. वर्ग भरला. साहेब शेवटच्या बाकावर बसले, मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. मी मोडाच्या वाटाण्यांचं मेण खरवडून बूच काढलं. फस्स आवाज झाला, आंबूस वास सुटला आणि मुलं नाकं धरून खिदळायला लागली. तेवढ्या गडबडीत मी तापमापी पुसण्याच्या निमित्तानं तिचं टोक मुठीत धरलं, मनात वीस मोजले आणि ठसक्यात वाचलं, "एकतीस."

मामांनी तापमापी माझ्या हातातून काढून घेतली. "बाई, ही ऊब वाटाण्यांची नाही. तुमच्या मुठीची आहे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ते मात्र साहेबांकडे वळले.

"पण ऊब खोटी नाही, साहेब. बाई सकाळी खाऊन आल्या. त्यांच्या पेशींनी ते मोडलं, कामापुरती ऊर्जा बांधून घेतली, निसटली ती मुठीत आली. वाटाण्यांकडेही खायला होतं. पण मी बूच लावलं, आतला प्राणवायू संपला. त्याच्याशिवाय पेशी दोन पायऱ्या उतरते आणि अडते. बाकीची ऊर्जा मद्यार्कात पडून राहते. त्याचाच हा वास."

"म्हणजे प्रयोग फसला?" साहेबांनी विचारलं.

"फसला," मामा म्हणाले. "माझ्यामुळं."

मोठ्या बाई खिडकीतून फाटकाकडे बघू लागल्या.

आठवड्यानं साहेबांचा शेरा आला. प्रयोग फसला, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. परिचरांना प्रयोगशाळेतून हलवू नये आणि हा पाठ दरवर्षी त्यांनीच घ्यावा, असंही होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. त्या वेळी विज्ञानाच्या बाईंनी वर्गात हजर राहावं, हाताची घडी घालून.