सर्व्हरच्या खोलीतली मारामारी

राजूरच्या रस्त्यावर बियाण्यांचा एक कारखाना आहे. तिथले कॉम्प्युटर आम्ही दोघं सांभाळायचो. मी टेंभुर्णीचा, तो पिंपळगाव रेणुकाईचा. वजनकाट्याचा सर्व्हर विंडोजवर चालायचा, तो त्याच्याकडे. लॅबचा लिनक्सवर, तो माझ्याकडे. नवं मशीन घ्यायचं होतं. दोन्हींत चांगलं काय, ते लिहून द्या, असं मालकांनी सांगितलं होतं.

सकाळपासून आमची जुंपली होती. मी म्हणालो, "माझा सर्व्हर वर्षभरात एकदाबी बंद पडला न्हाई."

"पण तुझ्या काळ्या पडद्यावरचं तुझ्याबिगर कुणाला कळतं? माझं कुणीबी चालवतं." मग तो हसला. "तुला तेच पाहिजे. तुझ्यावाचून सगळ्यांचं अडलं पाहिजे."

ते खरं होतं. म्हणूनच डोकं फिरलं. मी वाकून त्याच्या चालू सर्व्हरची वायर उपटली.

"काय करून राह्यला रे!" म्हणत त्यानं तोंडावर ठोसा हाणला. माझा दात तुटला. मी कॉलर धरून त्याला लोखंडी रॅकवर आदळलं. मग पुन्हा आदळलं. त्याची भुवई फाटली, तो खाली बसला. तरी मी छातीत लाथ घातली. ती घालताना मला बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

वॉचमनकाकांनी मला ओढून भिंतीला दाबून धरलं.

बाहेर काटा बंद, ट्रकवाल्यांचा आरडाओरडा. वायर परत लावली, तर डेटाबेस उघडेना. तो दवाखान्यात जायला तयार होईना. भुवईचं रक्त डोळ्यांत येऊन त्याला पडदा दिसत नव्हता. त्यानं काट्यावरच्या ताईंना बोलावलं. "ताई, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा."

त्या वाचत गेल्या, तो सांगेल तिथं माऊस दाबत गेल्या. तासाभरात आदल्या दिवशीचा बॅकअप बसला. माझ्या सर्व्हरवर त्यांना हे जमलं नसतं. माझा सर्व्हर तेवढा वेळ निमूट चालू होता, त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी लिहून दिलं: काट्याला विंडोज, लॅबला लिनक्स. वायर मीच उपटली, तेही लिहिलं.

टाके निघाल्यावर तो कामावर आला. मी माफी मागितली.

"वायरीचं जाऊ दे," तो म्हणाला. "पण मी खाली बसल्तो. मंग लाथ कशाला?"

तो त्याच्या खुर्चीत जाऊन बसला.