चित्रांना उकडतं म्हणून

आमच्या अक्कासारखी भित्री बाई अख्ख्या बोदवडात नव्हती. पाल चुकचुकली की हिचा जीव टांगणीला! आणि अशा बाईच्या गळ्यात संग्रहालयाची किल्ली पडली.

जपानी नाना, म्हणजे जपानहून दर हिवाळ्यात येणारे ते चित्रकार, अक्काच्या वडिलांच्या मळ्यात उतरायचे आणि फक्त केळीच्या बागा रंगवायचे. चित्रं इथेच सांभाळू, असा वडिलांनी त्यांना शब्द दिला होता. नाना वारल्यावर त्यांच्या मुलीने ती जपानहून पाठवून दिली, तोवर वडीलही गेले होते. मळ्यातल्या दोन खोल्या, पातळ कागदावरच्या केळी, एवढंच आमचं संग्रहालय. मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर, येणाऱ्यांना माहिती सांगायचो. घाबरायचं खातं अक्काकडे. कुलूप काढलं की आधी भिंतीला तळहात लावून ओल नाही ना, वाळवी नाही ना, ते बघायची.

"लोकाचं लेकरू हाये हे, मास्तर," म्हणायची. "आपलं असतं तं येवढी भ्याली नसती मी."

एका मे महिन्यात मी धुळ्याला लेकीकडे गेलो होतो. परत आलो तर अक्का दारात बसलेली, तोंडावर प्रेतकळा. आत गेलो. घरातला एकुलता एक कूलर तिने चित्रांसमोर लावला होता, तोही चोरांच्या भीतीने खिडक्या घट्ट लावून. दमट हवेने कागद फुगले होते, केळीच्या पानांवर काळी बुरशी चढली होती. ती स्वतः तापल्या पत्र्याखाली ओला पदर डोक्यावर घेऊन झोपत होती.

"आपल्याले उकडते, तं त्यायले नाही उकडत?" एवढंच बोलली. मी रागवायला तोंड उघडलं होतं, पण आधी जाऊन खिडक्या उघडल्या.

नानांची मुलगी चित्रं बघायला यायची होती, आठवडाच उरला होता. आता ती चित्रं घेऊन जाणार, बापाचा शब्द आपल्या हातून मोडला, हे घोकत अक्काने अन्न सोडलं. खोटं कशाला सांगू, भीतीने माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

मुलगी आली. बुरशी चढलेला एकेक कागद तिने जवळून बघितला. मग कूलरकडे बोट दाखवून तिने दुभाष्याकरवी विचारलं, हा कुणाचा? अक्का म्हणाली, "माह्या घरचा." मुलीने खराब झालेली चित्रं दुरुस्तीला नेली, बाकीची भिंतीवरच ठेवली, आणि निघताना किल्ली तिने स्वतः अक्काच्या मुठीत दिली.

त्याने अक्काची भीती उलट वाढली. रोज रिकाम्या खिळ्यांखाली बसून वाट बघायची. थंडीत ती गेली. चित्रं उन्हाळ्यात परत आली. एका पानावर पुसट डाग राहिलाय.

किल्ली आता माझ्याकडे आहे. मी काही भित्रा नव्हतो हो. पण कुलूप काढताना छातीत धडधडतं, हात आपसूक भिंतीकडे जातो. आणि मे महिन्यात घरी कूलर लावून आडवा झालो की, तिकडे चित्रांना उकडत असेल, असं वाटून डोळ्याला डोळा लागत नाही.