राखून ठेवलेली चाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट सांगता येणार नाही.

मी बुद्धिबळ शिकवतो. कसबा बावड्याची हसीना माझ्याकडे सहा वर्षं होती. शेवटच्या वर्षी ती मला हरवायला लागली. आधी कधीमधी, मग रोजच. मी म्हणायचो, वस्ताद एक डाव राखून ठेवतो बरं का. तालमींच्या गावात हे सगळेच म्हणतात. मी ते खरंच हसण्यावारी म्हणत होतो का?

राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती. तिच्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष. आम्ही एका ग्रँडमास्टरचा डाव अभ्यासाला घेतला. सुरुवातच जहाल — नवव्या चालीला घोड्याचा बळी, आणि समोरचा राजा उघड्यावर. हसीना त्या डावानं झपाटली. माझा नियम होता, मी सांगेपर्यंत कॉम्प्युटर लावायचा नाही, आधी स्वतःचं डोकं. ती तो घरीसुद्धा पाळायची.

मी मात्र लावला होता. उत्तर सापडलं होतं — कडेचं प्यादं एक घर पुढे, बस्स. गरीब दिसणारी चाल, पण त्यानंतर घोडा फुकट जातो. त्या ग्रँडमास्टरच्या प्रतिस्पर्ध्याला ती सुचली नव्हती, एवढंच.

आठ दिवस ती चाल माझ्या जिभेवर होती. हसीना पटावरून मान वर करून विचारायची, "सर, ह्यात कुठं भोक न्हाय न्हवं?" आणि मी म्हणायचो, नाही. काय वाटायचं तेव्हा? भीती वाटायची. आणि — बरं वाटायचं. बरं जास्त.

निवडीच्या शेवटच्या फेरीत तिनं घोडा दिला. मी दाराशी उभा होतो. समोरची मुलगी बराच वेळ गालाला हात लावून बसली, मग तिचा हात कडेच्या प्याद्याकडे गेला. हसीनानं वळून मला शोधलं. मी खिडकीकडे बघत राहिलो.

बाहेर आल्यावर तिनं मलाच ती चाल समजावून सांगितली. मी कपाळाला हात लावला — नाटक केलं. तर तीच माझी समजूत घालायला लागली. "जाऊ द्या की सर. तुमाला तरी कुठं ठावं हुतं?"

आता ती बावड्यातच मुलांना शिकवते. परवा तिनं मला वर्गात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. मुलांना म्हणाली, "ह्ये माझं सर. ह्यांनी मला समदं दिलं. एक डाव बी राखून ठेवला न्हाय."

मी मान डोलावली आणि चहा संपवला.