ढोराच्या दवाखान्यात

कमळा माह्या अंगनात आली का तिच्यासंग तिचं पोतं येई. धानाचा जुना बारदाना, चार घड्या केलेला, बगलेत दाबलेला. बसाच्या आधी ती पोतं आंथरे अन् उठली का घडी करून घेऊन जाये. मी किती डाव म्हनलं, "अवो, खाट कोनासाठी टाकली हाये? बस ना वर!" तं म्हने, "राहू द्या खैरुनबाई, माहं पोतंच बरं." पोतं काहाले, ते साऱ्या मोहल्ल्याले मालूम होतं. तोंडावर कोनी बोलत नव्हतं, पाठ फिरली का सारेच बोलत.

आमचं घर कुरखेड्याले, बाजाराच्या रस्त्यावर. माहा नवरा इनायत सायकली दुरुस्त करे, मी टोपल्यात बांगड्या घेऊन खेड्यापाड्यानं फिरत होती, अन् वरून शेळ्या. मांगच्या वाडीत पत्रूभाऊचं घर. कमळा त्याची लहान बहीन. लग्नाच्या दुसऱ्याच साली ती बाळंतपनात अडली. भर पावसाळा, नदीले पूर, सोबत म्हातारी दाई एकटी. लेकरू निंगालं ते मेलेलंच, अन् तेव्हापासून कमळाची लघवी जी गळाले लागली ते थांबलीच नाई. बसल्या जागी, उभ्यानं, झोपेत. नवऱ्यानं एक पीक निंगेपर्यंत वाट पाह्यली अन् तिले भावाच्या दारात आनून सोडलं. मंग दुसरी केली. कोनी म्हने बाहेरचं लागलं, कोनी म्हने पाप भोवलं. पुजाऱ्यानं दंडाले दोरा बांधला. दवाखान्यात न्याचं कोनाच्या डोक्यातच आलं नाई, कारन हा आजार हाये असं कोनाले वाटलंच नाई. साऱ्यायले ते लाजेचं काम वाटलं. सुकरी, तिची भावजय, तिनं गोठ्यात खाट टाकून देल्ली अन् विषय संपला.

उपाय म्हनाल तं कमळानं आपला आपन एक शोधला होता. पानी प्याचं नाई. उन्हाळ्यात मोहा वेचून येई, तोंड लाल, ओठ फाटलेले, अन् माह्या घागरीतलं दोन घोट घेऊन गिलास खाली ठेवे. मले राग येई. "अवो बाई, मरशीन ना तू!" तं हासे. "कमी गेलं तं कमी येते, खैरुनबाई." असे किती उन्हाळे तिनं काढले, अल्लाले मालूम.

सन सत्त्यान्नवच्या हिवाळ्यात पत्रूभाऊनं कापून रचलेल्या धानाच्या पुंजन्यावर राखनीले म्हनून एक पिल्लू आनलं. कुत्रीची जात, भुरी, कान लोंबलेले, मोठी गोड. कमळानं नाव ठेवलं चिंगी. दोन-चार दिसातच बोंबाबोंब झाली. पिल्लू बसे तिथी ओलं, झोपे तिथी ओलं. सुकरीनं झाडू उगारला. "मुतरी कुठची! नीघ!" ओरडली ती पिल्लावर. पन गोठ्याजवळ शेन उचलत होती कमळा, तिनं बी मान वर केली, अन् पिल्लानं बी. दोघीयनं एकदमच. सुकरीचा हात वरच राह्यला, अन् मी कुंपनाच्या इकडून पाहून राह्यली होती.

रातच्या जेवनाले पत्रूभाऊनं सांगून देल्लं, मळनी झाली का बांबू तोडाले जंगलात जाईन तेव्हा पिल्लाले तिकडंच सोडून येतो. ओलं पिल्लू पुंजन्यावर ठेवलं तं धान नासवन. कमळा कधी कोनाले काही मांगत नव्हती. त्या दिवशी मांगलं. म्हने, "दादा, मळनीपर्यंत माह्यापाशी राहू दे. कोरडी राह्यली तं ठेवजो." पत्रूभाऊ हो म्हनला. वाईट मानूस नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी ती पिल्लू घेऊन माह्याकडे आली. पोतं आंथरलं, त्याच्यावर पिल्लाले बसवलं अन् आपन भुईवर बसली.

"हे मुतत नाई, खैरुनबाई. याचं गळते."

"त्यात काय फरक हाये वो?"

"लय हाये. खोडीचं पिल्लू जागेपनी मुतते, उड्या मारता मारता मुतते. हे बाहेर नेलं का चांगलं बसून मुतते, पाहा तुमी. अन् मंग झोपलं का खालची जागा ओली. त्याले पत्ताच नाई. उठते अन् आपलंच अंग हुंगते, हे कुठून आलं म्हनून." पिल्लाचे मांगचे पाय उचलून तिनं दाखवले. केस गळाले लागले होते, चामडी लाल. "इथी आग होते त्याले," म्हने. बोटानं खोबऱ्याचं तेल लावत होती, इतक्या हळू का मले पाहवलं नाई.

पन मायेनं मानूस काय करन त्याचा नेम नाई. कमळाले एकच उपाय येत होता, अन् तोच तिनं चिंगीले देल्ला. पान्याचं मातीचं परळ पालथं घातलं. सकाळी दोन घोट, संध्याकाळी दोन घोट. पिल्लू पालथं परळ चाटत बसे. माह्या शेळ्याईच्या टाक्याकडे पळून आलं तं ही मांग धावत येई, उचलून नेई अन् त्याच्या कानात बोले, "थोडी कळ काढ वो माय. मळनी होऊ दे. मी बी काढली ना." अन् खरंच, गळनं थोडं कमी दिसलं. किती खूश झाली होती! तिले तशी हासतानी मी कधीच पाह्यलं नव्हतं.

मंग पिल्लू घडीघडी बसाले लागलं. बसे, जोर लावे, दोन थेंब टाके, कुईकुई करे, पुन्हा बसे. थेंब बी लालसर. खानं सोडलं, नाक तापलं. मी म्हनलं, "चल आता, ढोराच्या दवाखान्यात. माह्या शेळीले तिथूनच आराम पडला होता." कमळा दवाखान्याच्या नावानं भ्याली. मी हात धरूनच नेली तिले. तिच्या एका बगलेत पोतं, दुसऱ्या बगलेत पिल्लू.

डॉक्टर कानापाशी केस पिकलेला, शांत मानूस होता. पिल्लाचं पोट दाबून पाह्यलं, मांगचे पाय पाह्यले. "झोपेत गळतं का हिचं?"

"झोपेत गळते. जागेपनी बी. बाहेर नेलं तं वेगळी मुतते बी," कमळा म्हनली. "आनलं तेव्हापासून."

"म्हणजे जन्माचंच दिसतं. मूत्रपिंडातून नळी येते ती पिशवीत उघडायला हवी. हिची एक नळी पिशवी चुकवून खालीच उघडत असणार. नागपूरला नेलं तर पक्कं सांगतील, ऑपरेशनही करतील. पण आता जंतू झालेत आणि ताप आहे, आधी ते बघू." चामडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राह्यली. त्याचा आवाज बदलला. "हिला पाणी कोण देत नाही?"

"मी," कमळा म्हनली.

"का?"

"गळू नये म्हनून."

"अहो बाई, पाणी तोडून गळणं थांबत नसतं. लघवी घट्ट होते, जळते, जंतू वाढतात, मूत्रपिंड खराब होतं. हिला भरपूर पाणी पाजायचं, अंग धुऊन कोरडं ठेवायचं. गळणं हा तिचा गुन्हा आहे का?"

"हो, जळते," कमळा म्हनली. डॉक्टरले वाटलं पिल्लाचंच सांगून राह्यली.

त्यानं सुई देल्ली, गोळ्या बांधून देल्ल्या. मी उठली. कमळा उठली नाई. खाली पाहून म्हने, "डॉक्टरसाहेब, मानसाले होते का असं?"

"होतं ना. बाळंतपणात बाई फार वेळ अडली, की पिशवीला भोक पडतं आणि गळत राहतं. त्याचंही ऑपरेशन असतं, मोठ्या दवाखान्यात. आमच्या आईच्या गावात एका बाईचं झालं होतं. मी तेव्हा शाळेत होतो."

"तुमी शाळेत होते तेव्हा?"

"हो. का?"

कमळा त्याच्या पिकल्या केसाकडं पाहत राह्यली. तो शाळेत होता तेव्हा तिचं लग्न काय, तिचा जनम झाला असन नसन. ती अडली त्याच्या किती आधीपासून जगात हा इलाज होता! अन् आमी सारे कुरखेड्यात बसून दोरे बांधत होतो. मले इतका संताप आला का कोनाले तरी शिव्या घालाव्या, पन घालाव्या कोनाले, तेच समजेना.

 घरी येऊन कमळानं परळ सुलटं केलं, काठोकाठ भरलं. पिल्लानं नाक टेकवलं, पन प्याचं त्रान नव्हतं. मंग चमच्यानं, मंग बोटानं, मंग पदर भिजवून. पानी एका बाजूनं आत जाये अन् दुसऱ्या बाजूनं गालावरून खाली. मळनी सुरू व्हाच्या आधीच चिंगी गेली. नंतर डॉक्टर म्हनला, मूत्रपिंडंच गेले होते. जंगलात सोडाची पाळीच आली नाई.

चिंगी गेली त्याच सकाळी मी पत्रूभाऊले धरलं. "भाऊ, तिले नागपूरले न्या. बापा, तिचा इलाज होते!" तो ऐकत होता अन् पुंजन्यावरच्या पेंढ्या रचत होता. त्याचे डोळे भरले. म्हने, "आता नेऊन काय करू, बाई? तिचं सारंच गेलं." मी कमळाले म्हनलं, तो नाई नेत तं मी नेतो, इनायत संग येते. ती म्हने, "अन् कोरडी होऊन कुठी जाऊ, खैरुनबाई? घर दुसरीचं झालं. लेकरू नदीकाठी पुरलं. वापस याच गोठ्यात ना?"  

त्याच दुपारी ती पुन्हा आली. बगल रिकामी होती. पोत्यात चिंगीले गुंडाळून पुरलं होतं तिनं. आली अन् सरळ माह्या खाटेवर बसली.

"पानी द्या."

मी गिलास देल्ला. एका दमात रिकामा. लोटा देल्ला. घटाघटा प्याली, गळ्यावरून, चोळीवरून पानी खाली. किती सालाची तहान होती ते! "शेवटच्या दिवशी पाजलं तं खरं मी," म्हने, "पन तिले गिळताच नाई आलं वो. मीच मारलं तिले, खैरुनबाई. माहंच औषध देऊन मारलं."

खाटेच्या सुतळीतून खाली थेंब पडाले लागले. तिले ऐकू येत होते, मले बी. ती उठली नाई.

"आनखी द्या," म्हने.

मी घागरच उचलून तिच्याजवळ आनून ठेवली.