बाळूला हाक

माझ्या बायकोच्या मामांइतका जिवंत माणसांशी फटकून आणि बुडालेल्यांशी अदबीनं वागणारा माणूस पनवेलमध्ये दुसरा नसेल. आमच्याकडे नव्वदनंतर कारखाने वाढले, तेव्हा मामा सांडपाणी साफ करायचं यंत्र भाड्यानं देऊ लागले. दाबाखाली पाण्यात हवा विरघळवायची, मग टाकीत दाब सोडायचा. दुधासारखे बारीक बुडबुडे उठतात आणि तेल, मळ सगळं अंगावर घेऊन वर येतात. ते यंत्र मामांची लेकच होती. भाड्यानं देण्याआधी ते स्थळ बघावं तसा कारखाना बघून येत. एका मॅनेजरनं थंड पेय पुढं केलं, तर म्हणाले, "लेकीच्या सासरचं पाणी घेत नाही मी," आणि पिशवीतून स्वतःचा तांब्या काढला.

हे सगळं हसण्यासारखं होतं. पण टाकीत पांढरं उठू लागलं की मामा वाकून कान पाण्याशी नेत आणि हळूच म्हणत, "बाळू, ये रे वर." तेव्हा कुणी हसत नसे. बाळू त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी गाढी नदीत बुडाला, तो सापडलाच नाही. मामा एवढंच म्हणत, "नदीला हवा कमी पडली."

मी एका साबण कारखान्यात सांडपाण्याचं काम बघतो. एकदा आमची टाकी फुटली आणि त्याच दुपारी तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार होते. पाणी तेलकट दिसलं तर कारखान्याला टाळं. मामांचं यंत्र आणलं, सुरू केलं, पण तेल वर येईना. बेलपाड्याचा आमचा ऑपरेटर कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, दूध झालाय, पन साय नाय धरत."

मामा स्टुलावर निवांत. "हाक कुठं मारलीत, जावईबापू? आपलं गेलेलं कुणी असेल ना?"

माझे वडील होते, अण्णा. ते गेले तेव्हा मी कारखान्यातच होतो. माझ्या हातचं पाणी त्यांना मिळालं नाही. सगळ्यांदेखत, लाजेनं कान तापलेले, मी वाकलो. "अण्णा, या वर."

कॉम्प्रेसरची धडधड क्षणभर थांबल्यासारखी वाटली. आणि पाण्यातून, अगदी जवळून, आवाज आला, "ओ."

ऑपरेटर मागं सरला. टाकीवर हळूहळू पिवळट साय धरू लागली.

"मामांनी पायानं व्हॉल्व फिरवला, मी बघितला ना!" असं तो नंतर सगळ्यांना सांगत फिरला. ओ कुणी दिली, ते मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. तपासणी निभावली. मी पेढे घेऊन मामांकडे वळलो, तर ते टाकीकडेच बघत होते. "तुमचे आले," ते म्हणाले. "पहिल्या हाकेला."

तेव्हापासून अण्णांना हाक मारायला माझी जीभ रेटत नाही.

मामा आता थकलेत, नेऱ्याला असतात. यंत्र त्यांनी आमच्या कारखान्यालाच देऊन टाकलंय. पांढरं उठलं की मी वाकतो आणि बाळूला सांगतो, तुझा दादा वाट बघतोय. रविवारी भेटायला गेलो की मामा आधी स्वतःच्या तांब्यातून मला पाणी देतात, मग विचारतात, "ओ आली?"

"अजून नाही, मामा."

हो म्हणायला काय लागतं? दर वेळी ओठांवर येतं. पण मग पुढच्या रविवारी ते कुणाची वाट बघतील?